दार दाखवलेलं नाही

सकाळचे नऊ वाजायच्या आत अर्जुनरावांनी जगाच्या तीन चुका काढल्या होत्या. दूधवाल्याने पिशवी गेटच्या डाव्या खुंटीला अडकवली होती; ठरलं होतं उजव्या खुंटीला. समोर नव्याने उभ्या राहिलेल्या इमारतीची गॅलरी ओळंब्यात नव्हती. आणि शालनबाईंनी पोह्यांवर खोबरं घातलं होतं ते सगळं एकाच बाजूला.

"कालवून घ्या की," शालनबाई म्हणाल्या.

"कालवण्याचा प्रश्न नाही. पद्धतीचा प्रश्न आहे."

शालनबाईंनी बशी उचलली, चमच्याने पोहे वरखाली केले आणि बशी पुन्हा त्यांच्या पुढ्यात ठेवली. लग्न झाल्यापासून बेचाळीस वर्षं त्या हेच करत आल्या होत्या.

अर्जुनराव भोसरीच्या एका कंपनीत चौतीस वर्षं ड्रॉइंग ऑफिसात चेकर होते. ड्राफ्ट्समनने ड्रॉइंग काढायचं, चेकरने लाल पेन्सिल घेऊन त्यातल्या चुका हुडकायच्या आणि वरच्या साहेबाने मंजुरी द्यायची. कागदाच्या उजव्या कोपऱ्यात त्यासाठी तीन रकाने असत: काढले, तपासले, मंजूर. मधल्या रकान्यात अर्जुनरावांची सही पडल्याशिवाय वर्कशॉपमधला माणूस लोखंडाला हात लावत नसे. 'ड्रॉइंगवर नाही ते वस्तूत नाही' हे तिथलं ब्रह्मवाक्य. ड्राफ्ट्समन भोक दाखवायला विसरला तर भोक पडणार नाही, मग बसा बोंबलत. एखादं ड्रॉइंग क्वचित निर्दोष निघालं तर अर्जुनराव सहीच्या खाली बारीक अक्षरात 'दुरुस्ती नाही' असं लिहीत. चौतीस वर्षांत असं त्यांनी अकरा वेळा लिहिलं होतं. आकडा त्यांना पाठ होता.

निवृत्त झाल्यावर लाल पेन्सिल सांगवीच्या घरी आली आणि घराचे हाल सुरू झाले. लग्नपत्रिका आली की तिच्यावर लाल खुणा. वाण्याच्या यादीवर लाल खुणा. शालनबाईंच्या तर बोलण्यावर, चालण्यावर आणि घड्या घालण्यावरही. त्यांचं माहेर मावळातलं, शिक्षण चौथीपर्यंतचं. सही करायची झाली की त्या आधी वरची आडवी रेघ ओढायच्या आणि मग तिच्याखाली एकेक अक्षर लटकवायच्या, दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी. बँकेत त्यांनी पेन हातात घेतलं की अर्जुनराव कपाळाला हात लावत. "अगं, रेघ शेवटी. शंभरदा सांगितलं." शालनबाई "हूं" म्हणायच्या आणि रेघ आधी ओढायच्या.

अधूनमधून, हातातलं काम थांबवून, त्या म्हणायच्या, "अवो, मला तुमाला एक सांगायचं व्हतं."

"तुम्हाला. होतं," अर्जुनराव म्हणायचे.

मग सांगायचं ते राहून जायचं.

वरच्या मजल्यावरची खोली त्यांनी आठ महिन्यांपूर्वी नबीलाला भाड्याने दिली होती. काळेवाडीत तिच्या वडिलांचं गॅरेज होतं. मुलगी आर्किटेक्ट झालेली. पण बिल्डरच्या ऑफिसातली चांगली नोकरी सोडून ती वर बसून इमारती काढायची. कुणीही कधीही बांधणार नाही अशा इमारती. मोठाल्या ट्रेसिंग पेपरवर शाईने काढायच्या आणि मग त्यांची लाकडी मॉडेलं करायची. एक जिना होता, त्याची प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा जराशी उंच, त्याचं नाव 'पश्चात्ताप'. एक धर्मशाळा होती, तिला खिडक्याच खिडक्या, पण एकाही खिडकीतून दुसरी खिडकी दिसत नव्हती. अर्जुनरावांनी पहिल्यांदा हे सगळं पाहिलं तेव्हा त्यांचं डोकं दुखायला लागलं.

"जिन्याच्या पायऱ्या सारख्या नसतील तर माणूस पडेल," ते म्हणाले.

"पडायलाच हवा, काका," नबीला म्हणाली.

असल्या मुलीशी काय बोलायचं? शालनबाईंना मात्र ती खोली फार आवडायची. दुपारची भांडी आवरली की त्या वर जाऊन बसायच्या. नबीला काम करायची आणि त्या नुसत्या बघायच्या. दोघी फारसं बोलत नसत. अर्जुनरावांना त्याचाही राग यायचा. नुसतं बघत बसायला काय आहे तिथे?

ऑक्टोबरच्या शेवटाला नबीला एक गुंडाळी घेऊन खाली आली. नोव्हेंबरात पुण्यात तिचं प्रदर्शन होतं आणि शेवटचं मॉडेल राहिलं होतं. तिचा चुलतभाऊ तौसिफ काळेवाडीत लेझर कटिंगचं दुकान चालवायचा. तिच्या ड्रॉइंगवरून तो प्लायचे तुकडे कापून द्यायचा. मागच्या वेळी काही तुकडे एकमेकांत बसले नव्हते. "काका, मापांची बेरीज फक्त बघून द्याल? बाकी काही नको."

अर्जुनरावांनी चष्मा पुसला. निवृत्तीनंतरच्या सहा वर्षांत पहिल्यांदाच कुणी आपणहून त्यांना तपासायला सांगत होतं. ट्रेसिंग त्यांनी आधी सवयीप्रमाणे सुलटं आहे ना ते बघून घेतलं. ट्रेसिंग आरपार दिसतं. कंपनीत नवखे ड्राफ्ट्समन कागद पालथा पडलाय हे न बघता त्यावर नाव लिहायचे आणि पुढून ते उलटं उमटायचं. अशा माणसाला अर्जुनराव दिवसभर सोडत नसत.

हा कागद सुलटा होता. वर नाव होतं: 'दोघांचं घर'. प्रमाण एकास वीस. सहा खोल्या, एक बोळ, बाहेरून जिना. पाच मिनिटांत त्यांच्या लक्षात आलं.

"हे आमचं घर आहे."

"जवळजवळ," नबीला म्हणाली. "मी इथेच राहते ना. दुसरं कुठलं काढणार?"

जवळजवळ, कारण मधे एक सातवी खोली होती. त्यांच्या खऱ्या घरात स्वयंपाकघर आणि बोळ यांच्यामध्ये नऊ इंची भिंत होती, बस्स. नबीलाच्या कागदावर तिथे नऊशे मिलिमीटर रुंदीची एक लांबट खोली होती. चारी बाजूंनी भिंती. अर्जुनरावांनी बोट फिरवून पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि त्यांना हवी असलेली गोष्ट सापडल्याचं समाधान झालं.

"दार राहिलं."

"राहिलं नाही. तिला दार नाहीच."

"खोलीला दार नाही?"

नबीलाने त्या खोलीवर बोट ठेवलं. "काका, दोन माणसं कितीही वर्षं एकत्र राहिली तरी मधे एक खोली उरते. दोघांनाही ती माहीत असते, पण आत कुणी जात नाही. तिच्याच भिंतींवर बाकीचं घर टेकलेलं असतं. म्हणून दार नाही."

दाराशी शालनबाई उभ्या होत्या. पदराला हात पुसता पुसता त्या कागदाकडे बघत होत्या. "ती खोली कुणाची मग?" त्यांनी विचारलं.

"जो राहील त्याची, काकू."

"आणि हा तिसरा रकाना?" अर्जुनरावांनी कागदाच्या कोपऱ्यावर पेन्सिल आपटली. नबीलाने हौसेने तिथे कंपनीसारखे तीन रकाने आखले होते. "काढले तू, तपासले मी. मंजूर कोण करणार?"

नबीला हसली. "तेही जो राहील त्यानेच करायचं."

गुरुवारी भोसरीच्या कारखान्यांना सुट्टी असते, आणि अर्जुनराव निवृत्त झाले तरी त्यांचा गुरुवार अजून सुट्टीचाच असायचा. सकाळपासून वीज नव्हती. नबीला पुण्याला गेली होती. त्यांनी खिडकीपाशी टेबल ओढलं आणि बेरजा केल्या. त्या बरोबर होत्या. कामच उरलं नाही. पण डोळा पुनःपुन्हा त्या खोलीवर जात होता. दार नसलेली खोली. हा कागद आपल्या सहीने बाहेर जाणार. उद्या प्रदर्शनात एखादा जाणकार उभा राहील, कोपऱ्यातली सही वाचेल आणि म्हणेल, हा कसला चेकर? तत्त्वज्ञान नबीलाचं होतं; सही त्यांची होती.

त्यांनी लाल पेन्सिलीला टोक केलं. बोळाच्या बाजूने, साडेसातशे मिलिमीटर रुंद, बिजागरी डावीकडे, उघडणार आत. पाव वर्तुळाची सुंदर रेघ आली. हात अजून कापत नव्हता. कोपऱ्यातल्या रकान्यांखाली नवी ओळ आखून त्यांनी लिहिलं, 'दुरुस्ती पहिली: दार दाखवलेलं नाही, दाखवले', आणि 'तपासले'मध्ये सही ठोकली.

अकराच्या सुमाराला तौसिफ आला. त्याने मोबाइलवर ड्रॉइंगचे फोटो काढले. "काका, हे लाल पण घ्यायचं ना? फायनल?"

"सही दिसते ना?"

"दिसते."

"मग?"

रविवारी मॉडेल आलं. जोडून झाल्यावर नबीलाने त्यांना वर बोलावलं. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, अर्जुनरावांनी उत्तर तयार ठेवलं होतं. ती नुसती मॉडेलपुढे उकिडवी बसली होती. छप्पर बाजूला काढून ठेवलेलं होतं, आणि मधल्या खोलीच्या भिंतीत साडेतीन-चार सेंटिमीटर रुंदीचं एक दार होतं. लेझरने कापल्यामुळे त्याच्या कडा जळून तपकिरी झाल्या होत्या. खोलीभर जळक्या लाकडाचा वास होता.

"आतून कडी कुठे आहे?" तिने विचारलं.

"एकास वीसला कडी कोण दाखवतं?"

"म्हणजे नाही."

"ड्रॉइंगवर नाही म्हणजे नाही. एवढं काय त्यात? नको असेल तर बुजव."

तिने प्लायची एक पट्टी फेविकॉलने त्या दारावर चिकटवली, वर क्लिप लावली. सकाळी क्लिप टेबलावर होती, पट्टी खाली पडलेली होती आणि दार जरासं आत ढकललेलं होतं. तिने पुन्हा चिकटवली. पुन्हा तेच. अर्जुनरावांनी फेविकॉल जुना असेल असं सांगितलं. त्यांनी स्वतः नवा डबा आणून दिला. तिसऱ्या दिवशी पट्टीवर फेविकॉल सुकून पांढरा झाला होता, पण दारावर त्याचा थेंबही नव्हता.

"काका, तुमची सही आहे," नबीला म्हणाली. "तुम्हीच दार रद्द करा."

चौतीस वर्षांत त्यांची दुरुस्ती कुणी रद्द केली नव्हती. "बघू," ते म्हणाले आणि खाली आले.

त्याच आठवड्यात शालनबाई सापडेनाशा व्हायला लागल्या.

पहिल्यांदा त्यांच्या ते लक्षातही आलं नाही. चार वाजता त्यांनी चहासाठी हाक मारली आणि उत्तर आलं नाही. स्वयंपाकघरात आधण उकळत होतं. न्हाणीघर रिकामं, परसदार रिकामं, वर नबीलाची खोली कुलूपबंद. शेवटी चिडून ते हॉलमध्ये येतात तो बोळातून शालनबाई आल्या, पदराला हात पुसत.

"कुठे होतीस?"

"हितंच."

"इथे नव्हतीस. मी सगळं घर पाहिलं."

"हितंच व्हते की," त्या म्हणाल्या आणि चहा गाळायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी त्या तासभर नव्हत्या. आता त्यांच्या अंगाला जळक्या लाकडाचा वास येऊ लागला होता आणि बोटांच्या टोकांना काजळी असायची. अर्जुनराव विचारून विचारून वैतागले. बरं, बाई भांडतही नव्हत्या. उलट खुशीत होत्या. पोह्यांवरचं खोबरं आता चारी बाजूंनी सारखं पडत होतं. घड्या नीट होत होत्या. काढायला चूक सापडत नव्हती आणि त्यामुळे अर्जुनरावांची चिडचिड जास्तच वाढली होती. एका संध्याकाळी त्यांनी, आयुष्यात पहिल्यांदा असेल, स्वतःहून विचारलं, "तुला मला काहीतरी सांगायचं होतं ना?"

शालनबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. नजरेत राग नव्हता. "आता ऱ्हायलं न्हाई सांगायचं," त्या म्हणाल्या. "बोलून झालं समदं."

"कुणाशी?"

त्या नुसत्या हसल्या आणि लसूण सोलू लागल्या. अर्जुनरावांना भीती वाटली. ती त्यांना इतकी अनोळखी होती की ते तिला रागच समजले.

पुढच्या बुधवारी त्यांनी पोलादी टेप काढला. हे घर त्यांनी स्वतः आखलेलं, उभं राहून बांधून घेतलेलं. बाहेरून लांबी दहा हजार तीनशे साठ मिलिमीटर. तो आकडा त्यांना झोपेतही सांगता आला असता. बाहेरून मोजली, बरोबर भरली. मग आतून एकेक खोली आणि एकेक भिंत मोजून त्यांनी बेरीज केली.

नऊशे मिलिमीटर कमी.

त्यांनी पुन्हा मोजलं. टेप जुना आहे म्हणून कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातून नवा आणला आणि तिसऱ्यांदा मोजलं. हॉल जागच्या जागी होता, स्वयंपाकघर जागच्या जागी, कपाटं जिथल्या तिथे. एकही भिंत हललेली नव्हती आणि तरी घरातून नऊशे मिलिमीटर गेले होते. ते बोळात आले आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर हात ठेवला. रंगाखाली एक उभी भेग लागली, केसाएवढी. हात सरकवत नेला तर पुढे दुसरी. दोन्हीतलं अंतर त्यांनी मोजलं नाही. त्यांना ते माहीत होतं.

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. गॅस बारीक करायला कुणी आलं नाही. दुसरी शिट्टी झाली, तिसरी झाली, आणि मग भिंतीच्या आतून, अगदी जवळून, बांगड्या वाजल्या. अर्जुनराव मागे सरले. ते घाईघाईने हॉलमध्ये जाऊन खुर्चीत बसले आणि पेपर उघडला. जरा वेळाने शालनबाईंनी गॅस बंद केल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. त्यांनी नबीलाकडून ट्रेसिंग मागून घेतलं आणि दारावर लाल फुली मारली. 'दुरुस्ती दुसरी: दार रद्द. भिंत सलग.' सही. नियम साधा होता. जे कागदावरून वस्तूत आलं होतं ते कागदावरूनच जाणार होतं. त्यांना बरं वाटलं. चूक स्वतःची का असेना, दुरुस्त करता आली म्हणजे झालं. तौसिफला त्यांनी फोन करून नवी भिंत कापायला सांगितली.

तौसिफ शनिवारी साडेतीनला सलग भिंत घेऊन आला. नबीला प्रदर्शनाच्या मांडणीसाठी पुण्याला गेलेली. चावी अर्जुनरावांकडे होती. दोघं वर गेले. मॉडेलमधलं ते दार मिटलेलं होतं. तौसिफने जुनी भिंत सोडवली, खाचेतला कचरा फुंकला आणि नवी भिंत खाचेवर धरली.

"काका, खाली काकू बोलावतायत का?"

अर्जुनरावांनी कान दिला. लांबून, कुठूनतरी, 'अवो' असं ऐकू आल्यासारखं वाटलं.

"तिला कळत नाही का मी कामात आहे ते? पाच मिनिटं थांबेल," ते म्हणाले. "बसव."

भिंत खाचेत बसली. टक्‌ असा छोटासा आवाज झाला. माप बिनचूक होतं.

तौसिफ गेल्यावर अर्जुनराव खाली आले. चार वाजले होते. गॅसवर आधण उकळत होतं, आलं ठेचून ओट्यावर ठेवलेलं होतं, दोन कप बशीत मांडलेले होते.

"अगं, चहा."

त्यांनी गॅस बंद केला.

न्हाणीघर. परसदार. गच्ची. शालनबाईंच्या चपला दारात होत्या, मोबाइल फ्रिजवर होता.

ते बोळात आले. भिंतीवर हात फिरवला. रंग गुळगुळीत होता. भेग नव्हती, एकही नाही.

"शालन," त्यांनी हाक मारली. चौतीस वर्षं ऑफिसात घासून शुद्ध केलेली भाषा त्यांच्या तोंडातून गेली. "कुटं हायस तू? अगं, कुटं हायस?"

आतून काही आवाज आला नाही.

पोलीस आले, चौकशी झाली. समोरच्या किराणा दुकानाच्या कॅमेऱ्यात शनिवारी दुपारी फक्त तौसिफ आत येताना आणि बाहेर जाताना दिसत होता. शालनबाई गेटमधून बाहेर पडल्याच नव्हत्या. मारुंजीहून मुलगा अजिंक्य आला, दवाखाने पालथे घातले, नदीकाठ धुंडाळला. अर्जुनरावांनी बोळातली भिंत फोडायला लावली. नऊ इंच विटा निघाल्या आणि त्यांच्या पलीकडे स्वयंपाकघर. अजिंक्यने वडिलांच्या खांद्यावर हात ठेवून भिंत पुन्हा बांधून घेतली.

नबीलाला सगळं कळलं तेव्हा तिने एवढंच विचारलं, "काका, दार रद्द करण्याआधी काकूंना विचारलं होतं?"

बेचाळीस वर्षांत अर्जुनरावांनी काय विचारून केलं होतं?

त्यांनी तिसरी दुरुस्ती लिहिली. 'दार पूर्ववत. आतून कडी.' कडी त्यांनी तिरक्या लाल रेघेने दाखवली, एकास वीसला दाखवत नाहीत तरी दाखवली. ट्रेसिंग त्यांनी स्वतःच्या लोखंडी कपाटात ठेवलं आणि किल्ली गळ्यात घातली. तौसिफने दार कापून आणलं, सुईच्या टोकाएवढी तारेची कडीही बसवली. मॉडेलमधलं दार छान उघडत होतं. आत रिकामी खोली होती, बाकी काही नाही. खालच्या भिंतीत मात्र भेग उमटली नाही. अकरा दिवस ते रोज सकाळ-संध्याकाळ तिच्यावर हात फिरवत होते. घर अजून आतून नऊशे मिलिमीटर कमीच भरत होतं. आणि रोज दुपारी चारला बोळात आल्याच्या चहाचा वास यायचा. गॅस बंद असायचा.

बाराव्या दिवशी त्यांनी कपाट उघडलं. आपण कुठे चुकलो ते चेकरला शोधता आलंच पाहिजे. त्यांनी ट्रेसिंग टेबलावर पसरलं, भिंग घेतलं आणि पहिल्या रेघेपासून तपासायला सुरुवात केली. मापं बरोबर. दार बरोबर. कडी बरोबर. मग ते उजव्या कोपऱ्यात आले.

तिसऱ्या दुरुस्तीपुढे 'तपासले'मध्ये त्यांची सही होती. 'मंजूर'चा रकाना कोरा होता.

पहिल्या दुरुस्तीपुढचाही कोरा होता.

दुसरीपुढचा कोरा नव्हता. दार रद्द. भिंत सलग. त्याच्यापुढे तपकिरी काजळीने काहीतरी लिहिलेलं होतं. अक्षरं उलटी होती, वाचता येईनात.

अर्जुनरावांनी कागद पालथा केला.

घर उलटं झालं. नबीलाची अक्षरं उलटी झाली. त्यांच्या स्वतःच्या तिन्ही लाल सह्या उलट्या झाल्या. सरळ झाली ती फक्त ती एक सही. आधी ओढलेली आडवी रेघ, आणि तिच्याखाली एकेक करून लटकवलेली अक्षरं.

सहीच्या खाली बारीक अक्षरात आणखी काही होतं. त्यांनी भिंग जवळ नेलं.

'दुरुस्ती नाही.'

त्यांनी त्या अक्षरांवर बोट फिरवलं. काजळी बोटाला लागली. ती अजून गरम होती.